पठारावरचे ओंडके

९ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. पत्र उघडताच तू म्हणणार, "काहीतरी हवं असेल, त्याशिवाय खिळ्या लिहायचा नाही." बरोबर आहे. सल्ला हवाय, आणि जमलं तर तुझ्या लेथवर थोडं कामही. वादळात पडलेले तारांचे खांब अजून आडवेच आहेत, त्यामुळे फोन बंद. पत्रावरच भागवायचं.

इथे एक सॉ मिल विकायला आहे. दचकू नकोस, अख्खी वखार नव्हे. चाकांवरची, फिरती. ट्रॅक्टरमागे जोडायची, झाड पडलंय तिथे न्यायची, ओंडका खाली रुळांवर निजवायचा आणि इंजिनसकट वरचं डोकं त्याच्यावरून ढकलत न्यायचं. पट्ट्यासारखं लांब पातं दोन चाकांवर गरगर फिरतं आणि ओंडक्यातून फळी सुटून येते. एका घराच्या मागच्या अंगणात ही पडून आहे. वेलींनी अशी गिळलीय की आधी मला कोंबड्यांचं खुराडंच वाटलं. गंज म्हणशील तर हात लावला की तळहात विटकरी होतो. धुराड्यात गांधीलमाश्यांनी घर केलंय. पण ताई, सांगाडा सरळ आहे. मी दोरी लावून पाहिला.

फर्निचरचा कारखाना बंद पडल्यावर आम्ही इथे आलो खरे, पण इथे सुताराला काम कसलं? डुगडुगणारी खुर्ची, न लागणारं दार. लोक चांगले आहेत, चहा देतात, पण चहावर किती दिवस काढायचे? आणि बाहेर बघावं तर वादळानं डोंगरउतारावर झाडांचा नुसता सडा घातलाय. ती शहरातल्या गिरणीपर्यंत वाहून न्यायला कुणाला परवडत नाही. यंत्रच झाडाकडे गेलं तर?

मला हे मामांनी दाखवलं. मामा म्हणजे इथले लाकडाचे ठेकेदार. कुणाचे मामा ते विचारू नकोस, अख्खं गाव त्यांना मामाच म्हणतं. मशीन त्यांच्या बहिणीकडे आहे. मेहुणे चालवायचे. त्यांना लकवा झाला, वाचा गेली, तेव्हापासून ते घरात आणि मशीन अंगणात. मामा म्हणाले, "तू हे उभं कर, लाकूड मी पुरवतो. तू दमशील, पण लाकूड संपायचं नाही." आणि देताहेत अगदी भंगाराच्या भावात.

हिला मात्र पटत नाही. म्हणते, इतकी स्वस्त वस्तू नेमकी आपल्यालाच शोधत कशी आली? तू सांग. घेऊ की नको?

तुझा,
खिळ्या


१६ ऑगस्ट

खिळ्या,

आशीर्वाद आहेतच, ते काही पत्रातून पाठवायला लागत नाहीत.

गंजकं काही दिसलं की तुला पाझर फुटतो, हे मला आजचं नाही ठाऊक. लहानपणी तू उचलून आणलेल्या सायकलीला चाकं सोडून सगळं होतं. मी स्वतः येऊन बघितलं असतं, पण गेल्या महिन्यात पायावर पोलादी कांब पडली. प्लास्टर आहे. लेथपाशी उंच स्टूल टाकून बसते आणि कामगारांवर ओरडते. तुझे भावजी गेल्यापासून वर्कशॉपमध्ये ओरडायला दुसरं कुणी उरलंच नाही.

तेव्हा माझे डोळे समजून नीट बघ. दोन्ही चाकं हातानं फिरव आणि कान लावून ऐक. बेअरिंग कुरकुरत असेल तर बदलता येतं. चाकच लडबडत असेल तर मागे वळून न बघता घरी ये. पात्यावरचं झाकण आहे का? ते कुठल्या अवस्थेत आहे? पात्याला दोन्ही बाजूंनी धरणारे गाईड झिजलेत का? आणि एक लक्षात ठेव, गंज कधी फसवत नाही. तो बिचारा आहे तसा समोर उभा असतो. फसवतो तो रंग. जिथे रंग जरा जास्तच चांगला दिसेल, तिथे नखानं खरवड.

आता मला न पटलेली गोष्ट. माणूस आजारी पडला तर घरचे लोक मशीन लगेच विकतात, नाहीतर ताडपत्री घालून झाकतात. वेली चढेपर्यंत उघड्यावर टाकून देत नाहीत. आणि मामांकडे जर एवढं लाकूड आहे, तर त्यांनी एखादा माणूस ठेवून हे मशीन आजवर चालवलं का नाही? हे त्या बाईंना विचार. मामांना नको, बाईंना.

घाई करू नकोस. आणि घेऊन मोकळा झाल्यावर मला विचारत बसू नकोस.

ताई


२७ ऑगस्ट

ताई,

तुझे डोळे लावून गेलो. पायाचं वाचून वाईट वाटलं. स्टुलावरून उतरून धावपळ करू नकोस म्हणजे झालं.

चाकं सरळ आहेत. एक बेअरिंग कुरकुरतंय. इंजिन मी तिथेच खोललं, माश्यांचं घर काढलं (एकीनं प्रसाद दिला, कान अजून सुजलाय), टाकी धुतली, आणि बऱ्याच झटक्यांनंतर ते खोकत खोकत सुरू झालं. त्या आवाजानं मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पण तेवढ्यात घरातून दुसरा आवाज यायला लागला. भिंतीवर कुणीतरी धपाधप हात मारत होतं. मागच्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा आहे, आतलं काही दिसत नाही. मी इंजिन बंद केलं. तोही आवाज थांबला. मामा म्हणाले, "त्याला गोंगाट सोसत नाही. डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या." मला वेग तपासायचा होता म्हणून पुन्हा सुरू केलं, तर पुन्हा तेच, आधीपेक्षा जोरात. खिडकीची काच थरथरताना दिसली. मग मी राहू दिलं.

बाई सगळा वेळ मागच्या दारात उभ्या होत्या. तू सांगितलंस म्हणून विचारलं, "हे बाहेरच का पडून राहिलं?"

"कुणी हात लावायला तयार नव्हतं."

"का बरं?"

मामाच म्हणाले, "अरे, जड आहे ते! कोण उचलणार?" आणि मोठ्यानं हसले. त्या हसल्या नाहीत. मी निघताना फाटकापर्यंत आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "न्यायचं तर न्या. पण लांब न्या." नवऱ्याला आवाजाचा त्रास होतो, दुसरं काय? मी शब्द दिला की तुमच्या घराजवळ चालवणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भलतंच काहीतरी बोललो.

बसच्या ड्रायव्हरबरोबर गाईड, बेअरिंग आणि पात्याचं खालचं झाकण पाठवतोय. झाकणाला एका बाजूला पोचा आलाय, जमलं तर सरळ करून दे. मशीन अजून घेतलेलं नाही हं. भाग फक्त तपासायला आणलेत.

खिळ्या


२ सप्टेंबर

वन्सं,

नमस्कार. यांना न सांगता लिहितेय, तेव्हा उत्तरात माझं नाव येऊ देऊ नका.

मशीन आमच्या शेडमध्ये आहे. तुम्हाला पहिलं पत्र टाकलं त्याच्या आदल्या दिवशी हे होकार देऊन आले होते. तुम्हाला विचारलं ते घ्यावं की नाही म्हणून नाही, तुम्ही 'घे' म्हणावं म्हणून. रागावू नका. दिवसभर तारेच्या ब्रशनं गंज घासतात, रॉकेलच्या वासानं जेवण जात नाही, पण कारखाना सुटल्यापासून पहिल्यांदा मी यांना गुणगुणताना ऐकतेय. त्यामुळे माझ्याच तोंडाला कुलूप बसलं.

पण परवाचं सांगते. मी सकाळी बेकरीत कामाला जाते, ते तुम्हाला माहीत आहे. मामांची बहीण पाव घ्यायला आली. एरवी बोलत नाही. त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "तुमचे मिस्टर कुठली लाकडं कापणार आहेत?"

म्हटलं, "मामा देणार आहेत ती."

"कुठली पण?"

"पठारावरची असं काहीतरी म्हणत होते."

वन्सं, तिच्या हातातला पाव खाली पडला. तो उचलायचंही तिला सुचलं नाही. म्हणाली, "त्यांना सांगा, वादळात पडलेलीच कापा. गावाजवळची. पठारावरची नकोत." मी विचारणार, तेवढ्यात मामाच आत आले. मामांनी पाव उचलला, फुंकर मारली, तिच्या पिशवीत ठेवला आणि तिचा दंड धरून तिला बाहेर नेलं. जरा वेळानं एकटेच परत आले आणि मला म्हणाले, "काय म्हणत होती?"

मी म्हटलं, "पाव ताजा आहे का, विचारत होत्या."

का खोटं बोलले, मलाच कळलं नाही. मामांनी समोरचा एक पाव दाबून पाहिला. मग म्हणाले, "चांगलं आहे. ताजाच घ्यावा."

आमच्या बेकरीवाल्याला पठाराचं विचारलं. म्हणाला, तिकडे जुनं कुंपण आहे, गुरांना काही रोग लागायचा म्हणून बंद केलंय, माझ्या वडिलांच्या वेळची गोष्ट. आणि ओव्हन बघायला निघून गेला. ओव्हन विझलेला होता.

यांना सांगितलं तर म्हणतात, नवरा आजारी असल्यावर बाई काहीही बोलते. तुम्ही लिहा. तुमचं ऐकतात.

तुमची,
वहिनी


११ सप्टेंबर

खिळ्या,

'फक्त तपासायला' म्हणून कुणी गंजलेले बोल्ट कापून झाकण काढून देत नाही. मशीन तू घेतलंयस. मी इतकी वर्षं कामगारांच्या थापा ऐकतेय, माझ्यापुढे तुझं दुकान चालायचं नाही. असो. आता भांडण बाजूला ठेव आणि हे नीट वाच.

झाकण मी स्वतः हातात घेतलं. सगळीकडे गंज आणि एका तळहाताएवढ्या जागेवर चकचकीत हिरवा रंग. रंग जाळून काढला. खाली पत्र्याचं ठिगळ निघालं, घाईघाईनं वेल्डिंग केलेलं. ठिगळ उचकटलं. त्याखाली झाकण फाटलेलं आहे. कडा बाहेरच्या बाजूला वळल्यात, म्हणजे आतून काहीतरी पत्रा फाडून बाहेर आलं. ज्या बाजूला मशीन चालवणारा उभा राहतो, त्या बाजूला.

तू म्हणशील, पातं तुटलं असेल, तुटतात पाती. मलाही तेच वाटलं. पण झाकणाच्या दुमडीत जुना भुसा दाबून बसला होता, तो कोरून काढताना एक तुकडा हाताला लागला. सुपारीएवढा. पात्याचा नाही. पातं पातळ असतं, हा जाड आहे. एक बाजू गोलसर गुळगुळीत, दुसरी दगड फुटल्यासारखी. ग्राइंडरला लावला तर ठिणग्या आखूड आणि लालसर पडल्या. म्हणजे बिडाचं लोखंड. तुझ्या मशीनमध्ये बिडाचं असं काही आहे का, जे गेलंय? मी असल्या मशीनच्या भागांची यादी ताडून पाहिली. नाही.

मग तो लाकडातूनच आला. लाकडात बीड कुठून येणार? खिळा समजू शकते, कुंपणाची तार समजू शकते. हे काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. कळेपर्यंत मशीनवर पातं चढवू नकोस. त्या माणसाला खरंच लकवा झाला का, हे कुणाकडून तरी काढ. मामांच्या लाकडाला हात लावू नकोस.

ही विनंती नाही.

ताई


१२ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र नाही, म्हणजे तू रागावलीस. रागावलीस म्हणजे तुला कळलंय. बरं, घेतलं मशीन! झालं आता. पण ऐक तरी.

काल पहिला ओंडका कापला. शाळेमागे वादळात पडलेलं झाड होतं, त्याचा ओंडका शेडपाशी ओढून आणला. पातं असं गेलं जसं सुरी लोण्यात. फळी उचलली तेव्हा ती कोमट होती, आणि वास असा सुटला की ही सुद्धा शेडबाहेर येऊन उभी राहिली. फळीवर हात फिरवला. मला तेवढं पुरे झालं.

बेअरिंग आणि गाईड तू परत पाठवलेस ते बसवले. झाकण तुझ्याकडेच आहे, म्हणून सध्या डब्याचा पत्रा वाकवून लावलाय. तात्पुरता.

परवा मामांबरोबर पठारावर गेलो होतो. खूप मोठी सपाट जागा आहे, मोडकं कुंपण, गंजलेले फलक उताणे पडलेत, अक्षरं पुसली आहेत. जमिनीत जागोजाग गोल खड्डे आहेत, त्यांत पाणी साचून बेडूक झालेत. झाडं मात्र काय आहेत! कवेत न मावणारी. मामांच्या माणसांनी बरीच पाडून ठेवलीत. मी म्हटलं, "इतकं चांगलं लाकूड शहरातल्या गिरणीवाल्यांनी कसं सोडलं?" तर म्हणाले, "त्यांना फार नखरे लागतात. प्रत्येक ओंडक्यावर कसलं तरी यंत्र फिरवतात आणि परत पाठवतात."

ओंडक्यांच्या टोकांना एक गंमत दिसली. मधेच निळसर काळे डाग आहेत, शाई सांडल्यासारखे, आणि त्यांतून वर लांब रेघा गेल्यात. आधी वाटलं कुजलंय. पण टोकरून पाहिलं तर लाकूड घट्ट आहे. उलट नक्षीसारखं दिसतं. टेबलांना उठून दिसेल.

सोमवारी मशीन वर नेतोय. मामांना घाई आहे. काल नीट ओढलं जातं का बघायला मशीन ट्रॅक्टरमागे जोडून त्यांच्या बहिणीच्या घरावरून नेलं, तेव्हा मागच्या खिडकीचा पडदा सरकला होता. कुणीतरी उभं होतं. लकवा झालेला माणूस असा उभा राहतो का गं? पण सावलीच होती, मला भास झाला असेल.

झाकण लवकर पाठव.

खिळ्या


सोमवार सकाळ

वहिनी,

त्याचं पत्र आत्ता हातात पडलं. माझं त्याला मिळालेलं नाही, किंवा मिळून त्यानं गुंडाळून ठेवलंय. हे मी ड्रायव्हरच्या हातात देतेय. त्याला सांगितलंय की गाडी आधी बेकरीपाशी उभी कर, मग स्टँडवर ने.

ते काळे डाग नक्षी नाहीत. लाकडात लोखंड अडकलं की त्याभोवती लाकूड असं काळंनिळं पडतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त फौजी राहतात, तोफखान्यात होते. तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्माही लावला नाही. म्हणाले, "हे कुठल्याही यंत्राचं नव्हे, बाई. हा तोफगोळ्याचा तुकडा आहे. कुठे मिळाला?" पठाराचं, खड्ड्यांचं सांगितलं तर उठून उभे राहिले. जुनं सरावाचं मैदान असणार म्हणाले. तिथल्या झाडांच्या पोटात असे शेकडो तुकडे असतात, वरून साल भरून येते. त्या लाकडाला कुठलीही गिरणी हात लावत नाही.

म्हणून मशीन स्वस्त. म्हणून तो माणूस पडद्याआड.

त्याला थांबव. त्याच्याशी वाद घालत बसू नकोस, इंजिनची तेलाची नळी उपटून काढ.

ताई


१९ सप्टेंबर

वन्सं,

हे सुखरूप आहेत. आधी तेवढं वाचा, पाणी प्या, मग पुढचं वाचा.

ड्रायव्हरनं तुमचं पत्र दिलं तेव्हा माझे हात पिठात होते. तशीच बेकरीच्या गाडीत बसले. बेकरीवाल्याला म्हटलं, पठारावर चल. तो नाही म्हणाला. मी तुमचं पत्र त्याच्यासमोर धरलं. वाचून झाल्यावर तो इतकंच म्हणाला, "आम्हाला लहानपणापासून सांगितलंय की बोलायचं नाही," आणि गाडी सुरू केली. चढावर निम्म्यात आलो तेव्हा पात्याचा आवाज ऐकू येत होता. वन्सं, तो आवाज मी शेडमध्ये ऐकला होता, मला तो आवडलाही होता. त्या दिवशी तो ऐकवेना. आणि मग तो एकदम बंद पडला. मला वाटलं, संपलं सगळं.

वर पोचलो तर हे मशीनला धरून उभे होते, पांढरेफटक. आणि यांच्या समोर, ओंडक्यावर, पात्याच्या पुढ्यातच, एक माणूस आडवा पडला होता. मी समजले ते वेगळंच. पण तो उठून बसला.

तेच ते. मामांचे मेहुणे. लकवा नाही, काही नाही. घरातून चालत आले होते, पायांत चप्पलही नव्हती. मागे त्यांची बायको धापा टाकत उभी होती. इंजिनाच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येईना, म्हणून ते सरळ ओंडक्यावर आडवे झाले. यांनी पातं थांबवलं तेव्हा ते त्यांच्यापासून हातभर होतं.

मामा ओरडत होते, "बाजूला घ्या त्याला, वेडा आहे तो!"

त्या माणसानं तोंडाभोवती फडकं गुंडाळलं होतं, ते सोडलं. मी लिहीत नाही काय दिसलं ते. जबडा अर्धाच आहे, एवढं सांगते. लकव्यानं असं होत नाही.

मग त्यांनी यांच्या पेटीतली छिन्नी आणि हातोडा उचलला, एका काळ्या डागाशी गुडघे टेकले आणि ठोकायला लागले. जरा वेळानं 'खण' असा आवाज आला. त्यांनी बोटानं तिथे दाखवलं. मग दुसऱ्या डागाकडे बोट. मग तिसऱ्या. यांचा निम्मा ओंडका कापून झाला होता. पुढचा तुकडा पात्यापासून वीतभर लांब होता.

मामांना काही वाटलं असेल असं समजू नका. यांना म्हणाले, "जरा जपून कापायचं, त्यात काय? तू नाहीस तर दुसरा कापेल." आणि बहिणीला म्हणाले, "आता घरात काय शिजवणार आहेस, तेही बघतो." इतकी वर्षं त्यांच्याच जिवावर ते घर चाललंय, आणि तेवढ्यासाठीच तिनं तोंड शिवून घेतलं होतं. ती म्हणाली, "काहीही शिजवीन. तुझं नाही."

रात्रभर यांना झोप नाही. तुमचं अकरा तारखेचं पत्र कोटाच्या खिशात सापडलं. उघडलेलं होतं. मी ते परत तिथेच ठेवलं.

तुमची,
वहिनी


२६ सप्टेंबर

खिळ्या,

तुझ्यावर रागवायचं आहे, पण ते प्लास्टर निघाल्यावर, समोर बसवून. पत्रातून तुझं फावतं.

वहिनीचं पत्र मी वर्कशॉपमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटी सगळ्यांनी आपापले लेथ बंद केले होते. पण त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. 'तू नाहीस तर दुसरा कापेल.' ते ओंडके आता कुठे आहेत? पठारावरच आहेत ना? जाऊन बघ. तालुक्याच्या कचेरीत लेखी तक्रार दे, तो बिडाचा तुकडा सोबत पाठवलाय, तो दाखव. फौजी म्हणालेत, लागलं तर मी साक्षीला येतो.

तुझं उत्तर आल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

ताई


१४ नोव्हेंबर

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं बरं काही नव्हतं. आणि तुझं ते अकरा सप्टेंबरचं पत्र मी वाचलं होतं. वाचूनही मशीन वर नेलं. मला वाटलं, मी बघून कापीन, हलक्या हातानं कापीन. एवढंच त्याचं स्पष्टीकरण आहे, आणि ते काही स्पष्टीकरण नव्हे.

तुझं शेवटचं पत्र मिळालं त्याच दिवशी पठारावर गेलो. ओंडके नव्हते. ट्रकच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या होत्या आणि कुंपणाला नवीकोरी तार. मामांच्या घराला कुलूप. कचेरीत तक्रार दिली. साहेब म्हणाले, "कुठले ओंडके? दाखवा." मी खड्डे दाखवतो म्हटलं. ते म्हणाले, खड्डे तर सगळीकडेच असतात. तुकडा टेबलावर ठेवला, तेव्हा कुठे अर्जावर शिक्का मारला. अर्ज वर पाठवलाय. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही नक्की माहीत नाही.

मग कळलं ते असं. लाकूड एका जागी गेलंच नाही. थोडं थोडं करून विकलंय, लहान लहान गिरणीवाल्यांना, आपल्यासारख्यांना. साल सोलून काढलीय. आणि ताई, दोन्ही टोकं कापून ताजी केलीत. काळा डाग कुठे दिसतच नाही. आता बाहेरून बघून मलाही सांगता यायचं नाही, हा ओंडका पठारावरचा की नाही.

नदीपलीकडे एकाकडे आम्ही पोचलो, पण आदल्या दिवशीच व्हायचं ते झालं होतं. माझ्याच वयाचा सुतार. एक डोळा गेला. त्याची बायको अंगणातला भुसा झाडत होती. मी कोण, कशाला आलो, तिनं विचारलंसुद्धा नाही. शेडमध्ये निम्मा कापलेला ओंडका तसाच रुळांवर होता, त्यात छान फळ्या झाल्या असत्या.

'आम्ही' म्हटलं, कारण मी एकटा जात नाही. मामांच्या बहिणीचे यजमान माझ्याबरोबर असतात. त्या घराचा शिधा आता बेकरीवाला पोचवतो, कुणी सांगितलं नाही, आपणहून. माझं मशीन शेडमध्ये आहे. रोज पुसतो, चालवत नाही. तुझं नवं झाकण आलं, अगदी चपखल बसलं. त्याबद्दल पुढे कधीतरी बोलू.

आम्ही दोघं ट्रॅक्टर घेऊन निघतो आणि जिथे पात्याचा आवाज ऐकू येईल तिथे वळतो. मी आधी मालकाशी बोलतो. सगळं समजावून सांगतो, तुकडा दाखवतो. कुणी हसतं, कुणी म्हणतं, तुम्हाला दुसऱ्याचा धंदा बघवत नाही. एकानं कुत्रं सोडलं अंगावर. माझ्या बोलण्यानं आजवर कुणी इंजिन बंद केलं नाही. मग ते माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला करतात, पुढे जातात आणि फडकं सोडतात.

तेव्हा बंद करतात.

दर वेळी फडकं पुन्हा बांधायला मीच मदत करतो. मी एकदा म्हटलं, "आज राहू द्या, तुम्हाला त्रास होतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की परत म्हणायची छाती झाली नाही.

हे पत्र ट्रॅक्टरवर बसून लिहितोय, म्हणून अक्षर असं. वारा पडलाय. सगळीकडे शांत आहे. पण ते मघापासून मान वळवून उत्तरेच्या उताराकडे बघताहेत आणि माझी बाही ओढताहेत. बोट गोल फिरवून खुणावताहेत, तिकडे कुठेतरी पातं फिरतंय. मला अजून काहीच ऐकू येत नाही.

निघतो.

खिळ्या